अस्वस्थतेशी चाललेली झटापट कशी थांबवावी : स्वीकारावर आधारलेल्या मानसोपचाराचा घरचा सराव

छातीतली धडधड, डोक्यात सतत फिरणारी काळजी किंवा चारचौघांत बोलताना सुटणारा घाम यांचा त्रास ज्यांना वर्षानुवर्षे आहे, त्यांनी तो घालवण्यासाठी बहुधा सगळे काही करून पाहिलेले असते. मन दुसरीकडे गुंतवून झालेले असते, चांगले विचार आणण्याचा प्रयत्न झालेला असतो, त्रासाच्या जागा टाळून झालेल्या असतात, कोणाला तरी सोबत घेऊनच बाहेर पडण्याची सवय लागलेली असते. यांतल्या प्रत्येक उपायाने तात्पुरते बरे वाटते आणि नेमके त्याच कारणाने तो अंगवळणी पडतो. स्वीकारावर आणि सजगतेवर, म्हणजे या क्षणी जे घडते आहे ते बरे-वाईट न ठरवता जाणून घेण्यावर, आधारलेले मानसोपचार या सवयीलाच हात घालतात. आधी अस्वस्थता जाईल आणि मग जगणे सुरू होईल, ही अट ते बाजूला ठेवतात आणि अस्वस्थता सोबत असतानाही आपल्याला मोलाची वाटणारी कामे करण्याचे कौशल्य शिकवतात. त्या कौशल्याचा सराव घरी कसा सुरू करावा, तो कोठे फसतो आणि तज्ज्ञाकडे केव्हा जावे, याविषयी येथे लिहिले आहे.

या उपचारांच्या अनेक शाखा आहेत. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, जो पुढे आठ आठवड्यांच्या ठरावीक रूपात जगभर पोहोचला. त्यामागे बौद्ध ध्यानपरंपरा आणि हठयोग यांचा त्यांचा स्वतःचा अभ्यास होता. त्याच धर्तीवर झिंडल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी नैराश्य पुन्हा उलटू नये यासाठी उपचार तयार केला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी केवळ नेहमीचे उपचार घेणारे ६६ टक्के रुग्ण पुन्हा आजारी पडले, तर हा अभ्यासक्रमही केलेल्यांत ते प्रमाण ३७ टक्के होते. वारंवार आत्महत्येच्या विचाराकडे वळणाऱ्या रुग्णांसाठी मार्शा लिनहॅन यांनी सिॲटलमध्ये डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी विकसित केली. स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी (स्वीकार आणि बांधिलकी यांवर आधारलेला उपचार), म्हणजेच ‘ॲक्ट’, ही चौथी महत्त्वाची शाखा होय. पुढील सराव मुख्यतः ‘ॲक्ट’च्या पद्धतीचा असून अवधानाचा भाग कबात-झिन यांच्या अभ्यासक्रमाशी जुळणारा आहे.

महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार पुष्कळांना परिचित आहे. तिथे अविवेकी समजूत शोधून तिच्याशी वाद घातला जातो, तर ‘ॲक्ट’मध्ये विचार खरा की खोटा हा वाद सहसा उकरून काढला जात नाही. माझ्या मते दोन्हींना आपापली जागा आहे. एखादी समजूत उघडच चुकीची असेल, तर तिच्याशी वाद घालणे हा जवळचा मार्ग आहे. मात्र जो विचार शंभरदा खोडून काढला तरी रात्री दोन वाजता पुन्हा हजर होतो, त्याच्याशी एकशे एकाव्या वेळी हुज्जत घालण्यात फारसा अर्थ राहत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

धडधड, दम लागणे, चक्कर येणे, वजन उतरणे अशा तक्रारी नव्याने सुरू झाल्या असतील, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, कारण हृदयविकार, थायरॉइडचा दोष आणि रक्तक्षय या आजारांतही हीच लक्षणे दिसतात. सध्या जीव देण्याचे विचार येत असतील, आवाज ऐकू येणे किंवा कोणी तरी मागावर असल्याची खात्री वाटणे असा अनुभव येत असेल, झोपेची गरजच न भासता उत्साह अनावर झाला असेल किंवा अलीकडच्या एखाद्या भीषण घटनेची दृश्ये डोळ्यांसमोर येऊन हातपाय गार पडत असतील, तर हा सराव एकट्याने करू नये आणि थेट मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. सुरू असलेली औषधे या सरावाच्या जोरावर मनाने बंद करू नयेत. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या विपश्यना केंद्रातील दहा दिवसांचे मौन शिबिर हा उपचाराला पर्याय नाही. तीव्र मानसिक आजार असलेल्यांना त्या शिबिराची शिफारस करत नसल्याचे त्या परंपरेच्या नियमावलीतच म्हटलेले आहे, आणि तरीही घरची माणसे रुग्णाला आग्रहाने तिथे धाडतात, याचे फार वाईट वाटते.

टाळण्याचा हिशेब

पहिला आठवडा काहीही बदलू नये, केवळ नोंद ठेवावी. वहीत चार रकाने आखावेत. काय घडले, शरीरात आणि मनात काय उमटले, ते घालवण्यासाठी आपण काय केले आणि त्यापायी काय गमावले, एवढेच लिहायचे असते.

लोकलमध्ये एकदा पॅनिक अटॅक आल्यानंतर ठाणे ते दादर हा रोजचा प्रवासच ज्यांना नकोसा झाला आहे, अशा एका काल्पनिक बाईंची वही घेऊ. सोमवारच्या नोंदीत त्या लिहितील, ‘फलाटावर गर्दी पाहिली. घसा कोरडा, हातांना मुंग्या, आत कोंडले जाऊ असा विचार. दोन गाड्या सोडल्या, लगेच मोकळे वाटले. लेट मार्क लागला.’ गुरुवारी लिहितील, ‘बहिणीकडे डोंबिवलीला जायचे होते. डोके दुखत असल्याचे फोनवर सांगितले. भाचीचा वाढदिवस चुकला.’ तिसऱ्या रकान्यात लहानसहान गोष्टीही याव्यात. पर्समधली पाण्याची बाटली दर दोन मिनिटांनी चाचपणे, दारापाशीच उभे राहण्याचा हट्ट, प्रवासभर नवऱ्याशी फोनवर बोलत राहणे, नाडी मोजणे, हे सारे त्याच झटापटीचे भाग आहेत.

चौथा रकाना लिहायला जड जातो, पण तो रिकामा सोडू नये. तिसऱ्या रकान्यातल्या उपायांनी काही मिनिटांची सुटका मिळते आणि चौथ्यातल्या नुकसानीची बाकी साचत जाते, हे आपल्याच अक्षरात दिसले, तरच पुढचा सराव करावासा वाटतो. मनातले दाबून टाकण्याच्या प्रयत्नाविषयी डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि तो आलाच तर घंटा वाजवा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले होते. घंटा वाजत राहिली, आणि नंतर विचार करण्याची मोकळीक दिल्यावर या विद्यार्थ्यांना ते अस्वल, आधी दाबायला न लावलेल्या विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त वेळा आठवले.

अवधानाचा सराव

दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटे, शक्यतो ठरलेल्या वेळी, बसण्याचा सराव सुरू करावा. खुर्ची चालेल, जमीन चालेल, डोळे मिटलेले किंवा अर्धे उघडे चालतील. नाकपुड्यांपाशी किंवा पोटावर श्वास जिथे स्पष्ट जाणवतो, तिथे लक्ष ठेवावे आणि तो लांबवण्याचा किंवा सुधारण्याचा प्रयत्न करू नये. थोड्याच वेळात मन गॅसच्या सिलिंडरकडे किंवा कालच्या बोलण्याकडे वळलेले असेल. ते लक्षात आले की ‘विचार’ एवढीच मनात नोंद करून पुन्हा श्वासाकडे यावे. लक्ष हरपणे आणि ते परत आणणे यांतच सगळा व्यायाम आहे. त्यामुळे मन वीस वेळा भरकटले, तर वीस वेळा सराव घडला.

ज्यांना पॅनिक अटॅक येतात, त्यांच्यापैकी अनेकांना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरायला होते. त्यांनी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा आसपासचे आवाज यांवर लक्ष ठेवावे, ते तितकेच उपयोगी आहे. कबात-झिन यांच्या अभ्यासक्रमात रोज पाऊण तासाचा सराव अपेक्षित असतो, पण घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या नवख्या माणसाने ते ओझे घेऊ नये. दहा मिनिटे न चुकता केलेली बरी.

शांत वाटण्यासाठी हा सराव करू नये, हे येथे आग्रहाने सांगणे गरजेचे आहे. काही दिवस शांत वाटेल, काही दिवस अधिकच अस्वस्थ वाटेल. शांततेच्या अपेक्षेने बसले की ध्यानही तिसऱ्या रकान्यातल्या उपायांत जाऊन बसते आणि चार दिवसांनी ‘मला हे जमत नाही’ म्हणून सुटते.

विचारापासून थोडे अंतर

‘मी गर्दीत कोसळेन’ हा विचार मनात आला की तो बातमीसारखा वाटतो. त्याच्याआधी ‘मला असा विचार येतो आहे की’ हे शब्द जोडून ते वाक्य पूर्ण म्हणावे, आणि मग ‘मला असा विचार येतो आहे, हे माझ्या लक्षात येते आहे’ असेही म्हणावे. वाक्यातला मजकूर तोच राहतो, मात्र तो उच्चारणारे आपण त्याच्यापासून जरा वेगळे उभे राहतो. दुसरी रीत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांनी दाखवून दिले होते की एकच शब्द भराभर पुन्हा पुन्हा उच्चारला की त्याचा अर्थ विरून जातो आणि नुसता ध्वनी उरतो. ‘ॲक्ट’ने ही रीत उपचारात आणली. ज्या एका शब्दाने धसका बसतो, समजा ‘चक्कर’, तो एकांतात अर्धा मिनिट मोठ्याने आणि वेगाने म्हणून पाहावा. ताज्या दुःखाच्या किंवा अत्याचाराच्या आठवणींवर ही रीत वापरू नये. स्वतःच्या वेदनेची थट्टा झाल्यासारखे वाटले, तर ती तिथेच थांबवावी.

रोजच्या व्यवहारात याहूनही साधा प्रश्न पुरतो. हा विचार खरा आहे का, असे न विचारता, याचे ऐकून चालले तर दिवस कुठे जाईल, असे विचारावे. ‘आज घरीच थांब’ हे ऐकले, तर संध्याकाळी वहीच्या चौथ्या रकान्यात काय लिहावे लागेल, ते सहसा लगेच दिसते.

भावनेला जागा देणे

हा या पद्धतीचा गाभा आहे आणि याच ठिकाणी सर्वाधिक गोंधळ होतो. ‘ॲक्ट’मध्ये यासाठी रस्सीखेचीची उपमा देतात. समोर बलदंड राक्षस आहे, मधे खोल खड्डा आहे आणि आपण जिवाच्या आकांताने दोर ओढतो आहोत. तेव्हा राक्षसाला हरवण्याची गरज नसते, हातातला दोर सोडला तरी पुरते. राक्षस तिथेच असतो, पण आपले दोन्ही हात मोकळे होतात.

प्रत्यक्षात हे असे करावे. घरी निवांत बसून मध्यम त्रासाची एखादी आठवण मनात आणावी, सर्वांत भयंकर आठवण पहिल्या दिवशी घेऊ नये. शरीरात ती कोठे उमटते, ते शोधावे. समजा छातीच्या मधोमध दाब जाणवला, तर तो किती जागा व्यापतो, त्याच्या कडा स्पष्ट आहेत की पुसट, तो स्थिर आहे की सरकतो, कोमट आहे की गार, हे कुतूहलाने पाहावे. त्याच्याभोवती जबडा, खांदे, पोट, मुठी असे काय काय आवळले गेले आहे, तेही तपासावे. दाब राहिला तरी आवळलेले स्नायू सैल सोडता येतात. मग मनात म्हणावे, ‘हा दाब येथे आहे, आणि तो असेपर्यंत मी त्याला राहू देते.’ एक-दोन मिनिटे एवढ्यावरच थांबावे आणि नंतर खोलीतल्या वस्तू, आवाज, प्रकाश यांकडे लक्ष नेऊन उठावे.

चोरपावलांनी शिरणारा एक सौदा येथे ओळखता आला पाहिजे. ‘मी तुला राहू दिले, आता तू जा’ असे मनातल्या मनात चाललेले असते. दोन मिनिटांनी धडधड कमी झाली का, हे तपासण्याचा मोह झाला, की हा सौदा चालू आहे असे समजावे. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नये. ‘ही घालवण्याची इच्छा’ म्हणून तिचीही नोंद घ्यावी आणि तिलाही त्याच छातीत जागा द्यावी. ज्यांच्या सरावात हा सौदा ध्यानात येऊ लागतो, त्यांची गाडी रुळावर आहे.

स्वीकार कशाचा करायचा, याची हद्द आखणेही तितकेच आवश्यक आहे. मनात उठणारी भीती, दुःख, शरम, शारीरिक संवेदना यांना जागा द्यायची आहे. नवऱ्याची मारहाण, वरिष्ठाची लगट, थकवलेला पगार किंवा जातीवरून होणारा अपमान यांचा स्वीकार कोणताही जबाबदार उपचारक सांगत नाही. आपल्याकडे ‘सोसून घे, संसार असाच असतो’ हा सल्ला मुलींना पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला आहे आणि आता तो सजगतेची भाषा बोलू लागला, तर त्यासारखे दुर्दैव नाही. अशा प्रसंगी स्वीकाराचा उपयोग उलट दिशेने होतो. पोलीस ठाण्यात तक्रार देताना पाय लटपटतील, वकिलाशी बोलताना रडू येईल, माहेरचे काय म्हणतील ही काळजी कुरतडेल, आणि त्या सगळ्याला मनात जागा देऊनच ते पाऊल उचलायचे असते.

मोलाच्या गोष्टी आणि पहिले पाऊल

जागा कशासाठी द्यायची, याचे उत्तर नसेल तर हा सराव कोरडा होतो. म्हणून वहीच्या नव्या पानावर घर, नाती, काम, आरोग्य, शेजारपाजार, छंद अशी क्षेत्रे लिहून प्रत्येकासमोर आपल्याला कशा प्रकारचा माणूस व्हायचे आहे, ते एका वाक्यात लिहावे. मुलीला दहावीत नव्वद टक्के मिळावेत, हे उद्दिष्ट झाले आणि ते निकालाच्या दिवशी संपते. तिचे बोलणे पूर्ण ऐकून घेणारी आई होणे, हे मूल्य आहे आणि ते आज संध्याकाळीही आचरता येते. ‘मला कधीच भीती वाटू नये’ असे वाक्य उतरले, तर ते खोडावे. जे मृत माणसाला आपल्यापेक्षा चांगले साधते, त्याला ‘ॲक्ट’मध्ये उद्दिष्ट मानत नाहीत.

वहीतल्या बाईंनी ‘बहिणीच्या सुखदुःखात हजर असणारी मोठी बहीण’ असे लिहिले, असे समजू. मग पहिले पाऊल त्या वाक्यातून निघावे आणि ते हास्यास्पद वाटण्याइतके लहान असले तरी चालेल. दुपारी, गर्दी नसताना, ठाण्याहून धीम्या लोकलने एकच स्टेशन, कळव्यापर्यंत जाऊन परत यावे. दोन-तीनदा ते झाले की मुंब्रा, मग दिवा, कोपर आणि डोंबिवली. गाडी सुटल्यावर तळपाय जमिनीवर टेकवावेत, हातात धरलेल्या कडीचा गारवा जाणून घ्यावा, घशातला कोरडेपणा आणि मुंग्या यांची नावे मनात घ्यावीत, खांदे सैल सोडावेत आणि डब्यातल्या माणसांकडे, खिडकीबाहेर पाहावे. फोनवरचे व्हिडिओ, चाचपायची बाटली आणि नाडी मोजणे या वेळी बाजूला राहू द्यावे. परत आल्यावर भीती किती होती, हे लिहू नये. ठरवले तिथवर गेले का आणि वाटेत झटापट किती केली, एवढेच लिहावे. भीती जास्त असूनही कळवा गाठले, तर तो दिवस चांगला गेला. भीती शून्य होती पण प्रवासभर फोनला चिकटून राहावे लागले, तर तेच अंतर पुन्हा एकदा करावे.

पुरावा, औषधे आणि तज्ज्ञ

सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आणि एसिटालोप्राम हे औषध यांची तुलना करणारी, चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत चिंता कमी करण्यात अभ्यासक्रम औषधापेक्षा उणा ठरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ‘ॲक्ट’वर आधारलेली सचित्र स्वयंमदत पुस्तिका काढली, आणि युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांच्या गटांत त्याच धर्तीच्या कार्यक्रमाची चाचणी झाली. यावरून औषधे अनावश्यक ठरत नाहीत. तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणेच अशक्य झालेले असते, आणि तेव्हा औषधाने थोडे बळ आल्यावरच वही हातात घेता येते.

दोन महिने सराव करूनही टाळण्याची यादी तेवढीच राहिली किंवा सरावाच्या वेळी जुन्या आघाताच्या आठवणी उसळू लागल्या, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मदत घ्यावी. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. या पद्धतीचे प्रशिक्षण कोठे घेतले, ते स्वतः नियमित सराव करतात का, भेटींच्या मधल्या काळात घरी काय करायला देतात आणि प्रगती कशावरून मोजतात, हे पहिल्याच भेटीत विचारावे. हमखास बरे करण्याची हमी देणारा, औषधे सोडायला लावणारा किंवा उपचाराऐवजी दीक्षा देऊ पाहणारा माणूस कितीही प्रसिद्ध असला, तरी त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. सहा-आठ भेटी झाल्यावर वहीची पहिली पाने आणि ताजी पाने उपचारकासमोर शेजारी शेजारी ठेवावीत, आणि चौथ्या रकान्यातला मजकूर जसाच्या तसा दिसला, तर उपचाराची पद्धत बदलायची का, हे स्पष्टपणे विचारावे.